कमानीवर कुणाचं नाव चढवताय?

प्रति,
सार्वजनिक गणेशोत्सव मंडळं, गृहनिर्माण संस्था आणि ज्येष्ठ नागरिक संघ यांचे सर्व पदाधिकारी,
ठाणे शहर.

विषय : हॉल, कमान आणि स्मरणिकेचं पान देण्याआधी.

स. न. वि. वि.

आषाढ लागला की तुमची धावपळ सुरू होते. मंडपवाल्याला विसार द्यायचा असतो, मूर्तिकार आगाऊ मागतो, ढोलपथकाचा आकडा दरवर्षी फुगतो. घरोघरच्या वर्गणीत हे भागत नाही, मग प्रायोजक शोधायचा. कमानीवर बिल्डर येतो, सराफ येतो, दहावी-बारावीचे क्लासेस येतात. आणि एखादं नाव असं येतं की ही मंडळी नेमकं विकतात काय, हे कार्यकर्त्यांपैकी एकालाही धड सांगता येत नाही. पण त्यांचा चेक सगळ्यांत आधी वटतो. हे पत्र त्या नावाबद्दल आहे.

मी नौपाड्यात राहते. एकतीस वर्षं एका सहकारी बँकेत काढली, त्यातली शेवटची नऊ मुदतठेवींच्या काउंटरवर. निवृत्त झाल्यावर सोसायटीची खजिनदार झाले. वार्षिक सभेत कुणी हात वर करेना, तेव्हा मागून आवाज आला, "अहो, बँकेतल्या बाई आहेत की!" हे 'बँकेतल्या बाई' पुढे फार महाग पडलं. मला एक पैसाही नाही. शेजाऱ्यांना.

आमच्याकडे एक गुंतवणूक कंपनी आली. थेट पैसे मागत आली नाही. आधी मोफत नेत्रतपासणी शिबिर झालं. मग कोजागिरीचं मसाला दूध त्यांच्याकडून, कागदी कपांवर त्यांचं बोधचिन्ह. डिसेंबरात त्यांनी हॉल मागितला. विषय होता 'आर्थिक साक्षरता'. रीतसर अर्ज, रीतसर भाडं. बोलणारा मुलगा आमच्याच सी विंगमध्ये लहानाचा मोठा झालेला. आल्याआल्या वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "काकू, तुम्ही पुढे बसा ना." मी पुढे बसले.

महिन्याला ५ टक्के, हे त्याच्या तोंडून ऐकलं तेव्हाच डोक्यात हिशेब झाला. वर्षाला ६०. कर्ज फेडून, पगार भागवून, वर ६० टक्के वाटता येतील असा धंदा करणारा एकही माणूस मी आमच्या बँकेत एकतीस वर्षांत पाहिला नव्हता. तिथंच उठून विचारायला हवं होतं. पण घरचा मुलगा, भरलेला हॉल, हातात समोशाची बशी. शिवाय मनात असंही आलं, की आपण जुन्या पठडीतल्या, हल्ली काय काय नवीन निघालंय, आपल्याला कुठे कळतंय. मी चहा संपवला आणि "छान बोललास रे" म्हणून घरी आले. एक रुपयाही भरला नाही.

अकरा घरांनी भरला. सगळं बुडाल्यावर त्यातल्या तिघांनी मला तोंडावर सांगितलं, "तुम्ही पहिल्या रांगेत होतात, म्हणून आम्ही जास्त चौकशीच केली नाही."

त्यानंतर मी फसवणुकींचा इतिहास वाचायला लागले. सुरुवातीला अपराधी वाटायचं म्हणून. आता, खोटं कशाला बोलू, गोडी लागली आहे म्हणून. ठकसेन कसा होता याचं मला फारसं कौतुक उरलेलं नाही. सगळे सारखेच गोड बोलतात. मी प्रत्येक गोष्टीत पहिल्या रांगेत कोण बसलं होतं ते शोधते. आणि तो माणूस दर वेळी सापडतो.

ग्रेगर मॅकग्रेगर नावाच्या स्कॉटिश माणसाचं उदाहरण घ्या. दक्षिण अमेरिकेतल्या स्वातंत्र्ययुद्धात सेनापती म्हणून लढलेला, म्हणजे अगदीच भुरटा नव्हे. १८२१ च्या सुमाराला तो लंडनला आला आणि आपण मध्य अमेरिकेतल्या 'पोयाइस' देशाचे राजे आहोत असं सांगू लागला. असा देश नव्हता. आजच्या होंडुरासच्या किनाऱ्यावरचं दलदलीचं जंगल होतं. पण लंडनच्या महापौरांनी गिल्डहॉलमध्ये त्याचं रीतसर स्वागत केलं. पोयाइसची माहिती देणारं साडेतीनशे पानी पुस्तक निघालं. पोयाइसच्या नोटा छापल्या त्या बँक ऑफ स्कॉटलंडच्या अधिकृत छपाईवाल्याकडून. १८२२ मध्ये या देशाच्या नावानं २ लाख पौंडांचे कर्जरोखे लंडनच्या बाजारात विकले गेले. महापौर, मुद्रक, दलाल यांतल्या कुणाला आपण फसवणुकीत सामील आहोत असं स्वप्नातही वाटलं नसेल. प्रत्येकानं आपापलं काम रीतसर केलं. मी हॉलभाड्याची पावती फाडली, तसंच.

मग माणसं निघाली. १८२२ च्या सप्टेंबरात एक जहाज, पुढल्या जानेवारीत दुसरं, मिळून अडीचशेच्या आसपास. शेतकरी होते, कारागीर होते. एका चांभाराला पोयाइसच्या राजकन्येच्या खास चांभाराची जागा कबूल केली होती. साठवलेले पौंड देऊन त्यांनी पोयाइसच्या नोटा बदलून घेतल्या होत्या. उतरले तिथं ना शहर, ना बंदर, ना बँक. ताप आला, पावसाळा आला. त्या चांभारानं जीव दिला. ब्रिटनला परतले ते पन्नासाहूनही कमी.

यातला खरा चटका पुढे आहे. परत आलेल्यांपैकी काहींनी सही करून निवेदन दिलं की मॅकग्रेगरचा यात दोष नाही, त्याच्या हाताखालच्या लोकांनी घात केला. ज्याची दोन मुलं या प्रवासात गेली तो बापही त्याचीच बाजू घेत होता. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. कारण आमच्या बी विंगमधल्या आजी आजही म्हणतात, "मुलगा चांगला होता गं, वरच्यांनी त्याला अडकवलं." आपण ज्याच्यावर विश्वास ठेवला तो चोर होता हे मान्य केलं, की पैशाबरोबर स्वतःच्या पारखीवरही पाणी सोडावं लागतं. पैसे गेलेले माणूस सोसतो. पारख गेलेली सोसवत नाही.

आता बॉस्टन. १८७९ मध्ये तिथं सारा होव नावाच्या बाईनं फक्त स्त्रियांसाठी ठेव-संस्था काढली. व्याज महिन्याला ८ टक्के, त्यातलं तीन महिन्यांचं आधीच हातावर. अटी मात्र कडक. बाई अविवाहित हवी आणि आधीच्या ठेवीदारणीनं ओळख द्यायला हवी. म्हणजे दार जवळजवळ बंदच, आणि आत जायला मिळालं तर भाग्य! यामागे क्वेकर पंथाच्या लोकांचा धर्मादाय निधी आहे, अशी कुजबुजही होती. वर्षभरातच वर्तमानपत्रानं बिंग फोडलं. बाई तुरुंगात गेली, सुटून आली आणि पुन्हा तशीच बँक उघडून बसली. पुन्हा पैसे आले.

त्याच शहरात १९२० मध्ये चार्ल्स पाँझी. त्याचं नाव तर या सगळ्या प्रकाराला पडलं. परदेशातून स्वस्तात टपाल-कुपनं आणायची आणि अमेरिकेत जास्त किमतीच्या तिकिटांत बदलायची, ४५ दिवसांत ५० टक्के नफा, असा त्याचा दावा. त्यानं गोळा केलेल्या पैशाला पुरायला सुमारे १६ कोटी कुपनं लागली असती. साऱ्या जगात चलनात होती २७ हजारांच्या घरात. कुणीतरी पोस्टात जाऊन विचारलं असतं तरी पुरे होतं. पण बॉस्टनच्या पोलीस खात्यातल्या कित्येकांनी स्वतःच पैसे लावले होते. पोलीसच रांगेत म्हटल्यावर चौकशी कुणाकडे करायची?

पाँझीकडून शिकण्यासारखी गोष्ट मात्र वेगळी आहे. वर्तमानपत्रात संशय छापून आला आणि त्याच्या कचेरीबाहेर पैसे परत मागणाऱ्यांची झुंबड उडाली. तो घाबरला नाही. गर्दीला कॉफी आणि डोनट वाटले आणि तीन दिवस मागेल त्याला पैसे मोजून दिले. रांगेतले कित्येक जण तिथूनच माघारी फिरले. देतोय तर खरा! बँकेत आम्ही म्हणायचो, ठेव परत मिळाली तरच ठेवीदार परत येतो. ठकालाही हे पक्कं ठाऊक असतं. सुरुवातीला दिलेले पैसे हा त्याचा जाहिरात खर्च असतो, आणि तोही दुसऱ्याच ठेवीदाराच्या खिशातला. आमच्या सोसायटीत पहिले चार महिने पाच तारखेला सकाळी मोबाइल वाजायचे. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी त्या पैशांतून मिक्सर घेतला आणि अख्ख्या मजल्याला दाखवला. तो मिक्सर बघून आणखी दोन घरांनी पैसे भरले.

हे सगळं सांगितलं की ऐकणारा हमखास म्हणतो, "हाव नडली, दुसरं काय." मला या वाक्याचा राग येतो. न्यूयॉर्कच्या बर्नी मेडॉफ या गुंतवणूक-दलालानं ५० टक्के नफा कधी कबूल केलाच नाही. वर्षाला १०-१२ टक्के, शांतपणे, बाजार चढो की पडो. शिवाय सगळ्यांचे पैसे तो घ्यायचाही नाही, वशिला लावावा लागायचा. हा माणूस पूर्वी नॅसडॅक शेअर बाजाराचा अध्यक्ष होता. नोबेल मिळालेले एली वीझेल, छळछावणीतून वाचलेले, त्यांच्या संस्थेचे दीड कोटी डॉलर त्याच्याकडे बुडाले. त्यांना हाव होती म्हणायचं? हॅरी मार्कोपोलोस हा हिशेबी माणूस २००० सालापासून अमेरिकेच्या रोखे आयोगाला लिहून कळवत होता की हे आकडे गणितात बसत नाहीत. आयोगाचे लोक येऊन गेले, कागद पाहिले. व्यवहार खरंच झाले का, हे जिथं कळलं असतं तिथं विचारलंच नाही. डिसेंबर २००८ मध्ये मेडॉफला अटक झाली तेव्हा ग्राहकांच्या खात्यांवर कागदोपत्री ६,५०० कोटी डॉलर होते. आमच्या अकरा घरांतली सात घरं पेन्शनवाल्यांची होती. मुदतठेवीचं व्याज औषधांना पुरेनासं झालेलं. त्याला तुम्ही हाव म्हणा, मी नाही म्हणणार.

आपल्याकडचं सांगते. मी नोकरीत असताना १९९२ आलं. सरकारी रोख्यांचा व्यवहार झाला की रोखे लगेच हातात मिळत नसत. तोवर विकणारी बँक एक पावती द्यायची, बँक रिसीट, आमच्या भाषेत बीआर. 'रोखे माझ्याकडे आहेत, देईन' एवढंच त्यात लिहिलेलं. बँकेनं बँकेला दिलेला शब्द, त्यामुळे उलटून कोण बघतो? दलालांनी हे हेरलं. रोखे नसतानाच बीआर देतील अशा लहान बँका त्यांना हव्या होत्या, आणि त्या मिळाल्या. त्यातली एक होती बँक ऑफ कराड. एप्रिल १९९२ मध्ये पत्रकार सुचेता दलाल यांच्या बातमीनं स्फोट झाला. पुढे चौकशी समितीनं सुमारे ४ हजार कोटींचा हिशेब मांडला. हर्षद मेहताचं नाव घराघरांत पोचलं, बँक ऑफ कराड मात्र अवसायनात गेली आणि विसरली गेली. आमच्या लंच टेबलावर आठवडाभर एकच विषय होता. त्या बँकेतही आमच्यासारखेच कारकून होते, तिथंही गावाकडच्या लोकांच्या ठेवी होत्या. पावतीवर छापलेलं नाव कोरं करकरीत होतं, तेच विकलं गेलं.

दहा वर्षांनी, २००२ मध्ये, होम ट्रेड ही रोख्यांची दलाली करणारी कंपनी. कचेरी आपल्या खाडीपलीकडे वाशीत. जाहिरातीत सचिन तेंडुलकर, शाहरुख खान, हृतिक रोशन. या तिघांचा त्यात काही दोष नव्हता, त्यांची फक्त छबी होती. पण बघणाऱ्याला वाटणारच की एवढी माणसं उगाच उभी राहतील का. नागपूर, वर्धा, उस्मानाबाद इथल्या जिल्हा बँकांनी सरकारी रोखे घ्यायला पैसे दिले आणि रोखे आलेच नाहीत. नागपूर जिल्हा बँकेच्या खटल्याचा निकाल लागला डिसेंबर २०२३ मध्ये. एकवीस वर्षांनी. त्या बँकेतले शेतकरी ठेवीदार तोवर किती थकले असतील, कितीजण उरले असतील, याचा हिशेब कुठल्या निकालपत्रात नसतो.

वस्तू बदलत राहते. नव्वदीत सागवानाची रोपं होती, नंतर इमू आले, २०१९ मध्ये इस्लामपूरकडून कडकनाथ कोंबड्या आल्या. त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर डोंबिवलीतल्या एका सराफी साखळीची शटर्स खाली आली आणि ठाण्यापासून वाशीपर्यंत सोन्याची भिशी भरणाऱ्या बायका रस्त्यावर उभ्या राहिल्या. आणि जानेवारी २०२५ चं टोरेस तर तुम्ही विसरला नसाल. दादरला मोठी पेढी, सानपाड्याला शाखा, कल्याणला शाखा. 'मॉइसनाइट' नावाचे चमकणारे खडे विकत घ्या आणि आठवड्याला ६ टक्के मिळवा! आठवड्याला. वर्षाचे बावन्न आठवडे, म्हणजे ३१२ टक्के. सोडतीत मोटारगाड्या, मोबाइल. कित्येक महिने पैसे वेळेवर आले, अखेरच्या दिवसांत दर आणखी वाढवला, आणि एका सकाळी कुलूप. पोलिसांत तक्रार घेऊन गेला तो दादरचा एक भाजीविक्रेता. सानपाड्याच्या त्या शोरूमवरून माझी भाची रोज कामाला जायची. ती म्हणाली, "मावशी, इतका उजेड होता ना आत, की तिथं काही लपवलेलं असेल असं वाटायचंच नाही."

एक प्रसंग मात्र वेगळा आहे, आणि तो आपल्या शेजारचाच. वनकॉइन नावाचं एक 'डिजिटल नाणं' जगभर विकलं जात होतं. त्यामागे खरी ब्लॉकचेन, म्हणजे प्रत्येक व्यवहार नोंदणारी सामायिक डिजिटल वही, नव्हतीच. रुजा इग्नातोवा ही त्याची कर्ताकरविती ऑक्टोबर २०१७ मध्ये सोफियाहून विमानात बसली आणि गायब झाली, ती अजून सापडलेली नाही. पण त्याच्या सहा महिने आधी, एप्रिल २०१७ मध्ये, नवी मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं वनकॉइनच्या एका सभेवर छापा घालून १८ जणांना पकडलं होतं. सभा चालू असताना. अजून पैसे मिळत असताना. त्या खोलीतल्या लोकांना पोलिसांचा केवढा संताप आला असेल, मी कल्पना करू शकते. आपल्या सगळ्या गोष्टींत पोलीस शटर पडल्यावर येतात. इथं ते समोसे गरम असताना आले. मला या बातमीचं एवढं अप्रूप वाटतं, कारण छापा पडला तो एका सभेवर. म्हणजे फसवणूक घडते ती आकाशात नाही, इंटरनेटवर तर अर्धीमुर्धीच. ती कुणाच्या तरी हॉलमध्ये, कुणाच्या तरी खुर्च्यांवर बसून घडते. आणि खुर्च्या, मंडळी, तुमच्याकडे आहेत.

एजंटांबद्दलही थोडं. आमच्या सी विंगचा तो मुलगा ठक होता का? मला अजून उत्तर सापडलेलं नाही. त्यानं आईचे दागिने मोडून त्यातच पैसे लावले होते. कमिशन घेतलं, हेही खरं. विम्याची, पोस्टाच्या आवर्ती ठेवीची कामं वर्षानुवर्षं चोख करणारी, घराघरांत चहा पिणारी माणसं या कंपन्या मुद्दाम हेरतात. त्यांच्या वहीत दोनशे कुटुंबांचे फोन नंबर असतात आणि त्या प्रत्येक घरात त्यांना दार उघडलं जातं. पहिल्या रांगेत मीही होते, तोही होता.

शेवट कसा झाला ते ऐका, कारण तुमच्या ओळखीत कुणी आज यात असेल तर हीच लक्षणं दिसतील. व्हॉट्सअॅपवर कंपनीचा ग्रुप होता. दोनशेच्या वर माणसं, रोज सुविचार, पैसे आल्याचे स्क्रीनशॉट. एका रात्री सेटिंग बदललं, फक्त अॅडमिन संदेश पाठवू शकतील. मला कुणी तेव्हा विचारलं असतं तर त्या रात्रीच सांगितलं असतं. मग 'सर्व्हरचं काम', मग 'ऑडिट', मग 'आता पैसे काढाल तर ३० टक्के कपात, थांबाल तर बोनस'. मग फोन बंद. कचेरीच्या दाराशी गेलेल्यांना आधी जाहिरात फलक काढल्याची चार भोकं भिंतीत दिसली.

अकरांपैकी तक्रारीवर सह्या किती घरांनी केल्या असतील? चार. बाकीच्यांना सुनेला कळू द्यायचं नव्हतं, जावयाला कळू द्यायचं नव्हतं. १९२५ मध्ये व्हिक्टर लस्टिग नावाच्या भामट्यानं पॅरिसचा आयफेल टॉवर भंगारात विकला. ज्यानं विकत घेतला तो लाजेनं पोलिसांकडे गेलाच नाही, म्हणून लस्टिग पुन्हा तोच टॉवर विकायला गेला. आपल्या सोसायटीच्या गेटवर "काय, किती बुडाले?" असं हसत विचारणारा माणूस नकळत पुढच्या लस्टिगची वाट मोकळी करत असतो.

आता तुमच्याकडे माझं जे मागणं आहे ते.

अर्जाबरोबर ते तुम्हाला कंपनी नोंदणीचा दाखला दाखवतील, जीएसटी नंबर दाखवतील. आमच्याकडे तर फ्रेम करून आणला होता. हा कंपनी जन्माला आल्याचा दाखला. जन्मदाखल्यावर कुणाला मोटार चालवता येत नाही. लोकांच्या ठेवी घ्यायला वेगळं लायसन्स लागतं. ठेवींना रिझर्व्ह बँकेचं, अनेकांचे पैसे एकत्र करून गुंतवायच्या योजनांना सेबीचं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचं. रिझर्व्ह बँकेचं 'सचेत' हे संकेतस्थळ आहे, तिथं पाच मिनिटांत बघता येतं आणि तक्रारही करता येते. तुमच्या मंडळातली दहावीतली मुलंसुद्धा हे बघून देतील. सराफाची योजना असेल तर हप्त्यांचे महिने मोजा. अकराच का असतात माहीत आहे? कंपनी कायद्याखाली वर्षाच्या आत माल दिला नाही तर ती आगाऊ रक्कम ठेव धरली जाते. बारा, चोवीस, छत्तीस महिने म्हणाले की कान टवकारा.

लायसन्स असलं म्हणजे सगळं सुखरूप, असंही मी म्हणणार नाही. पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेला परवाना होता. तरी २१,०४९ खोट्या खात्यांआड कर्ज लपवलं गेलं आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ठेवीदारांना सुरुवातीला हजार रुपयांवर अडवलं गेलं. पण तिथं निदान विमा होता, रिझर्व्ह बँक होती, पुढे दुसऱ्या बँकेत विलीनीकरण झालं. विनापरवाना कंपनी बुडाली की हातात उरतो तो महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा, एमपीआयडी म्हणतात तो. जप्ती होते, लिलाव होतो, विशेष न्यायालयात तारखा पडतात. आमची चार घरं अजून जातात तारखांना. एक काका व्हीलचेअरवरून.

आणि कायद्याची भाषाच समजत असेल तर तीही सांगते. चेन पद्धतीच्या योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा १९७८ चा कायदा आहे. त्यात अशा योजनेच्या प्रचारासाठी आपली जागा जाणूनबुजून वापरू देणं हाही गुन्हा आहे. 'आम्ही फक्त हॉल दिला' हे उत्तर मी स्वतःला खूप दिवस देऊन पाहिलं. 'जाणूनबुजून' या एका शब्दावर माझी सुटका होते, कायद्यापुढे. मला ५ गुणिले १२ येत होतं, हे कायद्याला माहीत नाही.

हॉल देऊ नका असं मी म्हणत नाही. द्या, पण एक अट घाला. व्याख्यान संपल्यावर प्रश्नांना अर्धा तास, आणि पहिला प्रश्न समितीचा. पैसे कुठून येतात? इथं नका सांगू हिशेब, लेखी द्या. खरा धंदा करणारा माणूस कंटाळेल, पण देईल. दुसरे पुढच्या आठवड्यात दुसरा हॉल बघतील. म्हणून ठाण्यातल्या सगळ्या मंडळांनी आणि सोसायट्यांनी ही अट एकत्र घालायला हवी, नाहीतर आमच्याकडून उठून ते तुमच्याकडे येतील. ज्येष्ठ नागरिक संघांना आणखी एक विनंती. तुमच्या गुरुवारच्या भजनानंतर कधीतरी ज्यांचे पैसे गेले त्यांनाच बोलू द्या, कुणी हसणार नाही एवढी हमी घेऊन. आमच्या वहिनी बोलायला तयार आहेत. मिक्सर घेऊन येते म्हणाल्या.

राहिला स्मरणिकेचा प्रश्न. मागचं पान रंगीत असतं, महाग असतं, आणि ते नेमकं अशाच कंपन्या घेतात. यंदा ते रिकामं राहणार असेल तर मला कळवा. जो दर त्यांना लावता तोच लावा, सूट नको. दोन मंडळांचं मी एकटी भरू शकते. तिसऱ्यासाठी आमच्या चार घरांनी वर्गणी काढली आहे.

आपली,
नौपाड्यातल्या एका सोसायटीची माजी खजिनदार

ता. क. डिसेंबरातल्या त्या संध्याकाळच्या हॉलभाड्याची पावती माझ्याच सहीची आहे. रुपये १,५०० फक्त. त्या वर्षीच्या जमाखर्चात ती रक्कम 'इतर उत्पन्न' या सदरात दाखवली आहे, आणि लेखापरीक्षकांनी त्यावर काहीही शेरा मारलेला नाही.